मोटरहोममधली १२ व्होल्टची वीज: बिघाड शोधताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दिवे मंद झाले, पंप उठत नाही, फ्रिज मध्येच बंद पडतो, बॅटरी एका रात्रीत उतरते. आमच्याकडे येणारे बहुतेक प्रश्न याच तक्रारींचे असतात, म्हणून उत्तरं एका ठिकाणी ठेवली आहेत. इथे फक्त बॅटरीवर चालणाऱ्या १२ व्होल्टच्या भागाचा विचार केला आहे. बाहेरून केबलने येणारी मेन्सची वीज आणि इन्व्हर्टरच्या पुढची वीज जीवघेणी असते. त्या बाजूचं झाकण स्वतः उघडू नका, इलेक्ट्रिशियनला बोलवा.

१. गाडीत दोन बॅटऱ्या का असतात? कोणती कशासाठी?

एक इंजिनची, दुसरी घरची. इंजिनची बॅटरी स्टार्टर फिरवण्यापुरता काही सेकंद प्रचंड करंट देते. घरची बॅटरी थोडा थोडा करंट तासन् तास देण्यासाठी बनवलेली असते. दिवे, पाण्याचा पंप, हीटरचा पंखा, फ्रिजचं कंट्रोल, यूएसबी सॉकेट हे सगळं घरच्या बॅटरीवर चालतं. तक्रार आली की आधी ठरवा, बंद पडलेली वस्तू कोणत्या बॅटरीवर आहे. गाडी झोकात सुरू होते म्हणजे घरची बॅटरीही ठीक असेल, असा अर्थ होत नाही.

२. बिघाड शोधायला कोणती हत्यारं जवळ ठेवावीत?

साधा डिजिटल मल्टीमीटर, डीसी मोजणारा क्लॅम्प मीटर (वायरभोवती नुसता अडकवून करंट मोजणारा; फक्त एसी मोजणारा घेऊ नका, त्याचा इथे उपयोग नाही), वायर जोडलेला २१ वॅटचा १२ व्होल्ट बल्ब, दोन्ही टोकांना क्लिप लावलेली सात-आठ मीटरची बारीक वायर, सुटे फ्यूज, पाने आणि वायर ब्रश. यातला बल्ब आणि लांब वायर लोकांना फालतू वाटतात, पण प्रश्न ५ आणि ८ मध्ये काम त्यांच्यावरच होतं.

३. १२ व्होल्टचा शॉक लागत नाही, मग एवढी काळजी कशाला?

शॉकची भीती नाही, आगीची आहे. बॅटरीच्या दोन टर्मिनलवर पाना आडवा पडला तर शेकडो अँपिअर वाहतात आणि पाना क्षणात लाल होतो. बोटातली अंगठी किंवा हातातलं धातूचं कडं त्या वाटेत आलं तर भाजून खोल जखम होते. काम सुरू करण्याआधी दागिने काढा. बॅटरी सोडवताना आधी निगेटिव्ह काढा, जोडताना निगेटिव्ह शेवटी लावा. निगेटिव्ह चासीला जोडलेलं असतं. ते आधी काढलं की पॉझिटिव्हचा नट फिरवताना पाना चासीला टेकला तरी ठिणगी पडत नाही. पाणी घालायच्या लेड-ॲसिड बॅटऱ्या चार्ज होताना हायड्रोजन सोडतात, तेव्हा बॅटरीचा कप्पा आधी थोडा वेळ उघडा ठेवा.

४. बॅटरी भरली आहे की उतरली आहे, हे व्होल्टेजवरून कसं ओळखायचं?

लेड-ॲसिड असेल तर चार्जिंग आणि लोड (वीज घेणारी उपकरणं) दोन्ही बंद करून बॅटरीला काही तास विश्रांती द्या आणि मग मोजा. साधारण १२.७ म्हणजे भरलेली, १२.४ म्हणजे पाऊण, १२.२ म्हणजे अर्धी, १२.० म्हणजे पाव. एजीएममध्ये (काचेच्या चटईत ॲसिड धरून ठेवणारी लेड-ॲसिड बॅटरी) हे आकडे किंचित वर असतात. नुकत्याच चार्ज झालेल्या बॅटरीवर १३ दिसतात ते वरवरचे, त्यावर विसंबू नका.

लिथियम आयर्न फॉस्फेटला हा हिशोब लागू पडत नाही. ती ९० टक्क्यांवरून ३० टक्क्यांवर उतरली तरी व्होल्टेज जेमतेम दोन-तीन दशांश खाली येतं. तिथे शंटवाला मॉनिटरच हवा, म्हणजे केबलमधून जाणारा करंट मोजून बॅटरी किती टक्के उरली ते दाखवणारा (प्रश्न १६).

आणखी एक. विश्रांतीचं व्होल्टेज बॅटरी किती भरली आहे ते सांगतं, तिच्यात दम किती उरला आहे ते सांगत नाही. जुनी, सल्फेट चढलेली बॅटरीही १२.६ दाखवते आणि पंप लावला की ११ च्या खाली येते. म्हणून दहा-पंधरा अँपिअरचा लोड पाच-दहा मिनिटं चालू ठेवा आणि काटा कसा सरकतो ते पाहा. १०० अँपिअर-तासाची भरलेली, निरोगी लेड-ॲसिड एवढ्या लोडखाली १२ च्या वर टिकून राहते.

५. दिव्याच्या वायरवर मीटर चक्क १२.६ दाखवतो, तरी दिवा लागत नाही. मीटर बिघडलाय का?

मीटर ठीक आहे. हा प्रश्न आम्हाला सगळ्यात जास्त येतो आणि या पानावरचं सगळ्यात महत्त्वाचं उत्तर हेच आहे: मोजायचं ते लोड चालू ठेवून.

मल्टीमीटर स्वतः जवळजवळ शून्य करंट घेतो. वायरच्या वीस-तीस तारांपैकी एकच शाबूत असली, किंवा जोडावर गंजाचा थर असला, तरी मीटरपुरता करंट त्यातून सहज जातो आणि आकडा पूर्ण दिसतो. दिवा किंवा पंप जोडला की खरा करंट मागितला जातो आणि सगळं व्होल्टेज त्या खराब जोडातच खर्च होतं. दिव्यापर्यंत काहीच पोचत नाही.

तपासणी अशी करा. दिवा किंवा पंप जोडलेलाच ठेवा, स्विच चालू करा. बॅटरीच्या पॉझिटिव्हवर लांब वायरची क्लिप लावा (केबलच्या क्लॅम्पवर नको, थेट शिशाच्या खुंटावर) आणि तिचं दुसरं टोक मीटरच्या लाल प्रोबला जोडा. काळा प्रोब उपकरणाच्या पॉझिटिव्ह टर्मिनलवर टेकवा. मीटर जे दाखवेल ते पॉझिटिव्ह बाजूला वाटेत हरवलेलं व्होल्टेज. मग हेच निगेटिव्ह बाजूला करा, बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटापासून उपकरणाच्या निगेटिव्हपर्यंत. ०.१ किंवा ०.२ दिसले तर ती बाजू चांगली. २ व्होल्ट दिसले तर चोर सापडला. आता काळा प्रोब मागे मागे आणत जा: उपकरण, स्विच, फ्यूज बॉक्स, मुख्य फ्यूज. ज्या दोन ठिकाणांच्या मध्ये आकडा एकदम पडतो, बिघाड तिथेच.

अशा ठिकाणी बहुतेक वेळा एखादा लग (वायरच्या टोकाला दाबून बसवलेला धातूचा तुकडा) निघतो. वरून प्लास्टिकची स्लीव्ह नवी दिसते, पण ती मागे सरकवली की आत हिरवट भुकटी असते. वायर हलकेच ओढली की ती तांब्यासकट हातात येते. तार चकचकीत दिसेपर्यंत मागे कापा, नवा लग योग्य क्रिंपिंग पक्कडने दाबा आणि आतून गोंद असलेली हीट श्रिंक चढवा. नुसतं डाग देऊन भागवू नका. गाडीच्या कंपनांनी वायर सोल्डरच्या कडेला तुटते.

उपकरण बदलायच्या आधी ही तपासणी करा, हा आमचा आग्रह आहे. चांगले पंप आणि चांगले हीटर केवळ या एका जोडापायी फेकून दिले जातात.

६. वाटेत किती व्होल्ट हरवलेले चालतात? वायर किती जाड हवी?

नेहमीचा नियम ३ टक्क्यांचा, म्हणजे १२ व्होल्टवर ०.३६ व्होल्ट. साध्या दिव्याला यापेक्षा थोडं जास्त चालून जातं. हीटर, कॉम्प्रेसर फ्रिज आणि चार्जरच्या वायरींना अजिबात नाही.

हिशोब सोपा आहे. १ चौरस मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या वायरचा रोध मीटरला सुमारे ०.०१७५ ओहम. समजा हीटर बॅटरीपासून ४ मीटरवर आहे आणि सुरू होताना १० अँपिअर घेतो. वायर जाऊन-येऊन ८ मीटर. २.५ चौरस मिलिमीटरची वायर असेल तर रोध ०.०५६ ओहम आणि तोटा ०.५६ व्होल्ट. ६ चौरस मिलिमीटरची घातली तर तोच तोटा ०.२३ वर येतो. परतीची वायर मोजायला लोक हमखास विसरतात आणि उत्तर निम्मं येतं.

७. पंप लावला की दिवे मंदावतात, किंवा एक दिवा लावला की भलताच मिणमिणतो. हे काय?

अर्थिंग. दोन-तीन उपकरणांचं निगेटिव्ह एकाच बोल्टवर चासीला बांधलेलं असतं. तो बोल्ट सैल झाला किंवा खाली गंज चढला की करंट परत जायला दुसरी वाट शोधतो आणि शेजारच्या दिव्यातून उलटा फिरतो. बोल्ट काढा, खालचा रंग आणि गंज खरवडून उघडा धातू दिसू द्या, दातेरी वॉशर घालून आवळा आणि वरून ग्रीस किंवा संरक्षक लेप लावा. लेप जोड आवळल्यानंतर, आधी नाही. खात्री करायची तर प्रश्न ५ मधली निगेटिव्ह बाजूची मोजणी करा.

सगळेच दिवे एकदम मंदावत असतील तर बोल्टचा विचार सोडा आणि बॅटरी व तिचे टर्मिनल पाहा (प्रश्न ४).

८. एकच फ्यूज सारखा उडतो. त्याऐवजी मोठा टाकला तर?

टाकू नका. फ्यूज उपकरणाला वाचवायला नसतो, वायरला वाचवायला असतो. १० अँपिअरच्या वायरवर ३० चा फ्यूज बसवला की पुढच्या वेळी फ्यूजऐवजी वायर जळेल, आणि ती भिंतीच्या आत, लाकूड आणि फोमच्या मध्ये असते.

पात्याच्या फ्यूजचे रंग ठरलेले आहेत: ५ फिकट तपकिरी, ७.५ तपकिरी, १० लाल, १५ निळा, २० पिवळा, २५ पारदर्शक, ३० हिरवा. आधीच्या मालकाने भलताच रंग बसवलेला असू शकतो, म्हणून फ्यूज बॉक्सच्या झाकणावरचा आकडा एकदा पडताळून पाहा.

शॉर्ट शोधायला फ्यूज जाळत बसू नका. त्या सर्किटवरची सगळी उपकरणं काढून किंवा बंद करून ठेवा, फ्यूज काढा आणि त्याच्या जागी २१ वॅटचा बल्ब जोडा. शॉर्ट असेल तर बल्ब पूर्ण प्रकाशात लागेल. करंट पावणेदोन अँपिअरच्या पुढे जाणार नाही, त्यामुळे वायर सुरक्षित राहते. मग वायरिंगच्या वाटेने हात फिरवत जा: दाराचा सांधा, कपाटाखालचा स्क्रू, चासीत शिरणारी भोकं. जिथे हलवल्यावर बल्ब विझतो, शॉर्ट तिथे. सगळी उपकरणं काढल्यावर बल्ब मुळात लागलाच नाही तर वायर निर्दोष आहे. उपकरणं एकेक करून परत जोडा, म्हणजे दोषी कळेल.

९. फ्यूज डोळ्यांना चांगला दिसतो. तरी तपासावा का?

हो. पात्याच्या फ्यूजच्या डोक्यावर धातूचे दोन उघडे ठिपके असतात. सर्किट चालू ठेवून दोन्हीवर चासीच्या संदर्भाने व्होल्टेज मोजा. एकावर १२, दुसऱ्यावर ० आले तर फ्यूज गेला. दोन्हीवर १२ असून पुढे वीज नसेल तर फ्यूजचा सॉकेट ढिला पडून काळवंडला आहे का ते पाहा.

१०. काहीही न वापरता बॅटरी तीन-चार दिवसांत उतरते. कोण पितंय?

आधी मॉनिटर किंवा क्लॅम्प मीटरवर सगळं बंद असतानाचा करंट पाहा. गॅस डिटेक्टर, रेडिओची मेमरी, कंट्रोल पॅनेल मिळून एक-दोन दशांश अँपिअर लागणं स्वाभाविक आहे. ०.४ अँपिअर लहान वाटतो, पण दिवसाला ९.६ अँपिअर-तास होतात. १०० च्या लेड-ॲसिडचा वापरण्याजोगा निम्मा साठा पाच दिवसांत संपतो.

क्लॅम्प मीटर नसेल तर मल्टीमीटर १० अँपिअरच्या सॉकेटवर लावून निगेटिव्ह केबल आणि बॅटरी यांच्या मध्ये जोडा. मोजताना पंप किंवा इन्व्हर्टर चालू करू नका, मीटरमधला फ्यूज उडेल. आणि काम झालं की लाल वायर लगेच व्होल्टच्या सॉकेटमध्ये परत लावा. ती अँपिअरमध्येच राहिली आणि तुम्ही बॅटरीचं व्होल्टेज मोजायला गेलात तर तो सरळ शॉर्ट होतो.

मग फ्यूज एकेक करून काढा. ज्यावर आकडा घसरतो ते सर्किट. दार उघडल्यावर काही कंट्रोल जागे होतात, तेव्हा पाच-दहा मिनिटं थांबून आकडा घ्या. नेहमीचे गुन्हेगार: नुसता चालू ठेवलेला मोठा इन्व्हर्टर (काहीही न जोडता १-२ अँपिअर घेऊ शकतो), सामानाच्या कप्प्यातला विसरलेला दिवा, अँटेनाचा बूस्टर आणि प्रश्न १२ मधला फ्रिज. सगळे फ्यूज काढूनही आकडा हलत नसेल तर बॅटरीवर थेट जोडलेली एखादी वायर शोधा.

११. कोणी नळ उघडला नसताना पंप रात्री मधूनच घरघरतो. स्विच खराब आहे का?

बहुतेक वेळा वीज निर्दोष असते. पाइपातला दाब कुठूनतरी उतरतो आणि पंपाचा प्रेशर स्विच पंपाला उठवतो. गळती शोधा. बाहेर ओल दिसत नसेल तर पंपाच्या आतला व्हॉल्व्ह पाणी मागे टाकीत सोडत असेल.

१२. गॅसवर, मेन्सवर आणि १२ व्होल्टवर चालणारा फ्रिज मुक्कामी बॅटरी का खाऊन टाकतो?

हा फ्रिज १२ व्होल्टवर हीटर पेटवून गारवा करतो आणि १० ते १५ अँपिअर घेतो. चार तासांत १०० ची बॅटरी निम्मी. म्हणूनच त्याचं १२ व्होल्ट फक्त इंजिन चालू असताना मिळेल असं एका रिलेवर (विजेने चालू-बंद होणारा स्विच) बांधलेलं असतं. रिले चिकटला तर इंजिन बंद झाल्यावरही करंट चालू राहतो. इंजिन बंद करून रिलेच्या पुढच्या वायरवर व्होल्टेज मोजा, शून्य यायला हवं. कॉम्प्रेसरवाला फ्रिज वेगळा, तो मुक्कामी १२ व्होल्टवर चालण्यासाठीच असतो.

१३. डिझेल हीटर सुरू होताना ‘लो व्होल्टेज’ म्हणून बंद पडतो, पण बॅटरी १२.५ आहे. असं का?

सुरू होताना ग्लो प्लग तापवायला हीटर एक-दोन मिनिटं सुमारे १० अँपिअर मागतो, एकदा पेटला की फार थोडा. म्हणजे अडचण फक्त त्या पहिल्या मिनिटांत येते आणि हीटर व्होल्टेज मोजतो ते स्वतःच्या टर्मिनलवर, बॅटरीवर नाही. ग्लो प्लग चालू असताना हीटरच्या प्लगवर मीटर लावा आणि बॅटरीवरच्या आकड्याशी ताडून पाहा. फरक मोठा असेल तर प्रश्न ५ आणि ६. दोन्हीकडे आकडा सारखाच खाली जात असेल तर बॅटरी दमली आहे. थंडीत हे आधी दिसतं, कारण शून्य अंशाच्या आसपास लेड-ॲसिडची क्षमता सुमारे पाचव्या भागाने घटते.

१४. दिवसभर गाडी चालवली, तरी घरची बॅटरी भरत नाही.

इंजिन चालू ठेवून दोन्ही बॅटऱ्यांवर मोजा. इंजिनच्या बॅटरीवर १४ आणि घरच्यावर १२.५ असेल तर मधला रिले, त्याचे दोन्ही टोकांचे फ्यूज किंवा जोड यांत बिघाड आहे. व्होल्टेजवर चालणारा रिले साधारण १३.३ ला जोडतो आणि १२.८ ला सोडतो.

दोन्हीकडे १२.५-१२.८ दिसत असेल आणि गाडी नवी असेल तर बिघाड नसण्याचीच शक्यता अधिक. अलीकडच्या गाड्यांतला स्मार्ट अल्टरनेटर इंधन वाचवायला मुद्दाम व्होल्टेज खाली आणतो आणि साधा रिले त्यावर जोडतच नाही. तिथे बॅटरीतून बॅटरी चार्ज करणारा डीसी-डीसी चार्जरच हवा. लिथियमलाही तोच हवा, नाहीतर ती अल्टरनेटरकडून इतका करंट ओढते की अल्टरनेटर तापून जातो.

लेड-ॲसिडचे शेवटचे २० टक्के सावकाशच भरतात, त्यांना कित्येक तास लागतात. दोन तासांच्या प्रवासात ते होत नाही.

१५. ऊन कडक आहे, छतावरच्या सोलर पॅनेलवर २० व्होल्ट आहेत, पण करंट शून्य.

आधी बॅटरीचं व्होल्टेज पाहा. बॅटरी भरली असेल तर कंट्रोलर (पॅनेल आणि बॅटरी यांच्यामधला चार्जिंग सांभाळणारा डबा) स्वतःच करंट कमी करतो. पंप किंवा दिवे लावा, करंट वाढला तर सगळं ठीक. वाढला नाही तर कंट्रोलर आणि बॅटरी यांच्यातला फ्यूज तपासा. पॅनेलच्या एका कोपऱ्यावर पडलेली अँटेनाची सावलीसुद्धा उत्पन्न बरंच पाडते.

कंट्रोलर सोडवताना आधी पॅनेल, मग बॅटरी. जोडताना आधी बॅटरी, मग पॅनेल.

१६. मॉनिटर १०० टक्के दाखवतो आणि तासाभरात अंधार होतो.

शंट निगेटिव्ह केबलवर असतो आणि फक्त स्वतःमधून जाणारा करंट मोजतो. कोणी नंतर एखादी निगेटिव्ह वायर थेट बॅटरीच्या खुंटावर बांधली असेल तर तिचा करंट मॉनिटरला दिसतच नाही. खुंटावर शंटकडे जाणारी (आणि एकापेक्षा जास्त बॅटऱ्या असतील तर त्यांना आपसात जोडणारी) केबल सोडून दुसरं काही नको. ते ठीक असेल तर मॉनिटरमध्ये भरलेली क्षमता पाहा. बॅटरी म्हातारी होते, तो आकडा आपोआप कमी होत नाही.

१७. लिथियम बॅटरी एकदम ० व्होल्ट दाखवते. मेली का?

बहुधा नाही. आतल्या बीएमएसने (बॅटरीला जपणारं इलेक्ट्रॉनिक सर्किट) तिला तोडलं आहे: फार उतरली, शॉर्ट झाला, फार तापली किंवा करंट मर्यादेबाहेर गेला. सगळे लोड काढा आणि लिथियमचा पर्याय असलेला चार्जर लावा, बहुतेक बॅटऱ्या जाग्या होतात. काही चार्जर ० व्होल्ट दिसल्यावर सुरूच होत नाहीत, त्यांना जागं करण्याची सोय असलेला चार्जर लागतो. गोठणाऱ्या थंडीत मात्र चार्जिंगचा हट्ट धरू नका. शून्य अंशाखाली चार्ज केल्याने सेल कायमचे बिघडतात आणि चांगली बीएमएस ते होऊ देत नाही. आधी बॅटरी ऊबदार होऊ द्या.

१८. दोन बॅटऱ्या समांतर जोडल्या, त्यातली एकच लवकर खराब झाली.

बहुतेक पॉझिटिव्ह आणि निगेटिव्ह दोन्ही मुख्य केबल एकाच बॅटरीवरून काढलेल्या असतील. मग तीच जास्त राबते. पॉझिटिव्ह पहिल्या बॅटरीवरून आणि निगेटिव्ह दुसरीवरून घ्या. नवी आणि जुनी बॅटरी एकत्र जोडू नका.

१९. मेन्सला लावलेलं असताना सगळं छान चालतं, केबल काढली की लगेच काळोख. चार्जर खराब?

उलट, चार्जरच सगळं चालवतोय. मेन्सवर असताना तो दिव्यांना थेट वीज पुरवतो, त्यामुळे बॅटरी सर्किटमध्ये नसली तरी कळत नाही. दिवे बारीक थरथरत असतील तर तीही याचीच खूण असू शकते, कारण चार्जरची वीज बॅटरीमुळे सपाट होते. बॅटरीचा मुख्य स्विच बंद आहे का, तिच्याजवळचा मोठा फ्यूज उडाला आहे का, टर्मिनल सुटलं आहे का, या क्रमाने पाहा. बॅटरीच्या खुंटावर आणि फ्यूज बॉक्समध्ये एकाच वेळी मोजा. चार्जर चालू असताना फ्यूज बॉक्समध्ये १३.६ आणि खुंटावर १२.१ आले तर दोघांची गाठच पडलेली नाही. तो मोठा फ्यूज उडालेला निघाला तर नवा बसवण्याआधी तो का उडाला ते शोधा. बॅटरी बदलताना केबल क्षणभर उलट्या जोडल्या गेल्या असतील तर चार्जरमधले उलट-जोडणीचे फ्यूजही गेलेले असतात, आणि मग केबल सरळ लावल्यावरही चार्जिंग होत नाही.

२०. एलईडी दिवा बंद केला तरी अंधारात मंद चमकत राहतो. करंट गळतोय का?

अगदी किंचित. ज्या स्विचमध्ये स्वतःचा छोटा दिवा आहे किंवा जे पॅनेल इलेक्ट्रॉनिक आहे, त्यातून काही मिलिअँपिअर वाहतात. जुना बल्ब त्यावर पेटला नसता, एलईडीला तेवढे पुरतात. बॅटरीला त्याचा धोका नाही. बाजूच्या दिव्याचा स्विच दाबल्यावर ही चमक कमी-जास्त होत असेल तर मात्र प्रश्न ७ कडे जा.